जिराफ पाणी कसं पितो

१ जून १९९३, मंगळवार. सकाळी ११

आजपासून रोजनिशी. डायरी आडत दुकानाची, जानेवारीत फुकट मिळालेली. पाच महिने कोरे गेले, त्याला इलाज नाही. उरलेल्या सात महिन्यांत बारा महिन्यांचं काम करायचं ठरवलंय. त्यासाठी रोज पहाटे चारला उठणार. रविवारीसुद्धा.

काम असं: सोप्या इंग्रजीत जगाची ओळख करून देणारी बारा छोटी पुस्तकं. देशोदेशीची माणसं, त्यांची घरं, खाणंपिणं, जंगली प्राणी. एका वाक्यात आठपेक्षा जास्त शब्द नाहीत. मालिकेचं नाव ‘द वर्ल्ड फॉर मराठवाडा’. लेखक: प्रा. भीमाशंकर. (प्राध्यापक अजून नाही, पण पुस्तकं येईपर्यंत होईन.) दिवाळीपर्यंत बाराही तयार. पुढच्या जूनपर्यंत प्रत्येक शाळेत. मग पुणे.

सगळं लातूर बारावी सायन्सच्या मागे धावतंय. पोरं डॉक्टर होतील, पण उद्या एखादा फॉरेनर समोर आला तर एस्किमोबद्दल दोन वाक्यं बोलता येणार नाहीत. ही उणीव एकट्या माझ्या लक्षात आलेली आहे.

साधन: इंग्रजी ज्ञानकोशाचा एक खंड, ई ते के. हैदराबादच्या रद्दीत सापडला. बाकीचे खंड नव्हते, पण जगातलं महत्त्वाचं बरंचसं याच अक्षरांत येतं. एस्किमो, जिराफ, हिप्पो, आइसलँड, जपान, कांगारू. आफ्रिका नाही, पण जिराफ तिथलाच.

घर दोन खोल्यांचं. पुढे क्लास, मागे लेखन. म्हणून परवा बायको शांतम्मा आणि लेक करिश्माला औशाच्या पुढे लिंबाळवाडीला पोचवलं, शांतम्माच्या माहेरी. फक्त जुलैअखेरपर्यंत. करिश्माचं नाव तिथल्या शाळेत तिसरीत घातलंय. ग्रामीण जीवनाचा अनुभव मिळेल. शांतम्मा काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलेलं आहे.

२ जून

उठलो ७.१०. गजराचं घड्याळ शांतम्मा माहेरी घेऊन गेलेली दिसते. निष्काळजीपणा.

दुपारी: घड्याळ सापडलं. उशीखाली होतं. उद्यापासून.

१६ जून, बुधवार

क्लास सुरू. बोर्ड लावला: ग्लोब इंग्लिश क्लासेस. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. नांदेड, परभणी, भोकर, उदगीर, कुठून कुठून पोरं ट्रंका आणि गाद्या घेऊन उतरतायत. समोर गुरुपादप्पा सरांचा फिजिक्सचा क्लास. पहाटे पाचपासून तीन बॅचेस. त्यांच्या पोरांच्या चपला माझ्या दारापर्यंत येतात. लांबून बघणाऱ्याला त्या माझ्याच क्लासच्या वाटतात, म्हणून मी हरकत घेतलेली नाही.

माझ्याकडे सात आले. सुरुवात म्हणून सात उत्तम. एस्किमोपासून सुरू केलं. भोकरच्या एका पोरानं विचारलं, सर हे पेपरला हाय का. मी म्हणालो, आयुष्याच्या पेपरला आहे. सगळे गप्प झाले. चांगलाच परिणाम झाला.

१७ जून

पाच आले.

३ जुलै, शनिवार

पहिलं पुस्तक तयार: ‘द जिराफ अँड हिज कंट्री’. खरं तर एस्किमो पहिला होता, पण बर्फाचं घर आठ शब्दांत बसेना.

लातूरचे सगळे प्रेस क्लासवाल्यांच्या नोट्स आणि जाहिराती छापण्यात गुंतलेले. त्यामुळे एस.टी.ने नांदेडला गेलो. गुरुद्वाऱ्याच्या बाजूला नजीरभाईंचा प्रेस. वडिलांपासूनचा धंदा, लग्नपत्रिका मराठी, उर्दू, इंग्रजी तिन्हीत छापतात. माणूस सज्जन, पण साहित्याची जाण बेताची. मुखपृष्ठासाठी जिराफाचं चित्र मागितलं तर म्हणाले, सर जिराफ तो नै है, ऊंट है, चलेगा क्या. मी संतापलो. मग त्यांनीच उंटाची मान ब्लेडने कापून मध्ये तुकडा जोडला. बरा दिसतो.

चहा पिताना त्यांनी घरच्यांची चौकशी केली. गावी आहेत म्हटल्यावर म्हणाले, भाभी और बच्ची कू कायकू उधर रखे, स्कूल का साल है. मी लेखनासाठी लागणाऱ्या एकांताबद्दल सांगितलं. ते हौ हौ म्हणाले आणि मशीनकडे गेले.

१८ जुलै, रविवार

उठलो ८.४०. रविवार होता.

करिश्माचं पत्र. पपा, मला घरी यायचं आहे, इथं जमीन गुरगुर करते आणि फळीवरची ताटं आपोआप वाजतात, आजी म्हणते भुई बोलते.

चार चुका होत्या. दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या. लाल शाईने दुरुस्त करून पत्र परत पाठवलं. खाली लिहिलं, कल्पनाशक्ती छान, अक्षर सुधार.

३१ जुलै

ठरल्याप्रमाणे आज त्यांना आणायचं होतं. पण हिप्पो अर्धवट आहे. मध्येच घरात भांड्यांचा आवाज सुरू झाला तर हिप्पो बिघडेल. गणपतीपर्यंत मुदत वाढवली. तसं कळवलं.

८ ऑगस्ट, रविवार

मेहुणा व्यंकटी आला. शांतम्माचा धाकटा भाऊ. तीन एकर, एक विहीर, लग्न अजून नाही. विहिरीची मोटार जळाली म्हणून रिवायंडिंगला घेऊन आला होता. शिक्षण सातवी. पण वृत्ती जिज्ञासू.

त्याला जिराफाची प्रत दिली. तो पायरीवर बसला आणि प्रत्येक शब्दावर बोट ठेवून पहिलं पान मोठ्यांदा वाचलं. द जिराफ इज टॉल. त्याला अर्धा तास लागला. मुखपृष्ठाकडे बघून म्हणाला, दाजी, जिराफ लई उंटावानी दिसतंय की. मी म्हटलं, प्राणी एकमेकांसारखे दिसतात. त्याला पटलं.

मग विचारलं, दाजी, एवढी उच्ची मान, मग ह्यो पाणी कसं पितो? तळ्यापत्तुर तोंड पुरतंय का ह्याचं?

मी सांगितलं, प्रश्न चांगला आहे, पण पुस्तकाच्या कक्षेबाहेरचा आहे. दुसऱ्या आवृत्तीत घेऊ. तो हाव म्हणाला. पाच प्रती मागून घेतल्या, गावातल्या पोरांना द्यायला. पाच प्रती! लातुरातल्या एकाही शिक्षकाने एक मागितलेली नाही.

जाताना म्हणाला, दाजी, आक्काला आन् पोरीला घिऊन यावं म्हन्तो मी. भुई लई गुरगुरायलीय. म्हातारी तर आंगनातच पडायलीय. मी समजावलं की गणपतीला आणणारच आहे. तो म्हणाला, तुमी म्हनलाव म्हंजी झालं.

असे वाचक असले की लेखकाला बळ येतं.

२२ ऑगस्ट, रविवार. दुपार

खंडातला अर्थक्वेक हा लेख वाचला. व्यंकटीच्या बोलण्याचा शास्त्रीय निकाल लावावा म्हणून. जगाचा नकाशा आहे, जिथे भूकंप होतात तिथे काळे ठिपके. जपान तर नुसता काळा. आपल्या दख्खनवर एक ठिपका नाही. एकसुद्धा. मी भिंग लावून पाहिलं. खंड १९५८ चा आहे, पण खडक काही दर वर्षी बदलत नाही.

यातून तिसऱ्या पुस्तकाची कल्पना सुचली: ‘अर्थक्वेक्स अँड द पीपल ऑफ जपान’. हिप्पो तूर्त बाजूला. एका बैठकीत चार पानं झाली. शेवटचं पान आधीच लिहून टाकलं, इतकं ते जमून आलं. देअर आर नो अर्थक्वेक्स इन मराठवाडा. वी स्लीप वेल.

३० ऑगस्ट

नांदेड. नजीरभाईंनी मजकूर जुळवता जुळवता शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. सर ये लाईन निकालो. जमीन की गॅरंटी कौन देता. कोयना में हुआ था ना?

मी म्हटलं, कोयना पश्चिम महाराष्ट्रात. तिकडचं काही आपल्यापर्यंत कधी पोचलंय का? ते हसले, पण म्हणाले, फिर भी सर, निकालो. मी ती ओळ ठळक टाइपात घ्यायला सांगितली. छापखानेवाल्याने छापावं, लेखकाने लिहावं.

६ सप्टेंबर, सोमवार

एका शाळेत दोन्ही पुस्तकं दाखवली. म्हणजे एक छापलेलं आणि एक हस्तलिखित. मुख्याध्यापक म्हणाले, ह्यातलं बोर्डाला किती मार्काला येतं? मी म्हणालो, शून्य, तेच तर याचं वैशिष्ट्य. त्यांनी चहाही विचारला नाही. द्रष्ट्या माणसाच्या वाट्याला हे येतंच.

क्लासला आता दोन पोरं. तीही गुरुपादप्पा सरांची बॅच सुटेपर्यंत पंख्याखाली बसायला येतात. पण कानावर तर पडतं.

चारला उठण्याबाबत: घड्याळाची स्प्रिंग तपासून घेणार.

१३ सप्टेंबर, सोमवार

शांतम्माचं कार्ड. ती लिहीत नाही सहसा. चार ओळी.

आठ दिवस झाले आम्ही अंगणात झोपतो. निम्मी गल्ली बाहेर झोपते. करिश्मा रात्री दचकून उठते. टेम्पो घेऊन या.

वाचून लाज वाटली. इंग्रजीच्या शिक्षकाची बायको अंगणात वाकळ टाकून झोपते, आणि तिचा नवरा इकडे जपानवर पुस्तक लिहितो. उद्या कोणी समीक्षक गावात गेला तर? लगेच उत्तर लिहिलं. तुझ्या माहेरचं घर तीन फूट रुंद दगडी भिंतींचं आहे, वर मातीचं जाड माळवद. असं घर हलत नसतं. जपानी लोकांची घरं लाकडाची आणि कागदाची, म्हणून त्यांना भीती. घरात झोपावं. पावसाळ्याचे दिवस आहेत, अंगणात इंचूकाटा असतो.

पत्र जमून आलं. त्यातला काही भाग प्रस्तावनेत घेता येईल.

१९ सप्टेंबर, रविवार. गणेश चतुर्थी

व्यंकटी मुद्दाम आला. गावच्या गणेश मंडळाने व्याख्यान ठेवलंय. माझं! शनिवारी, २५ तारखेला. विषय त्यानेच सुचवला: भूकंप, समज आणि गैरसमज. म्हणाला, मानसं लई भ्यायलीत दाजी, शेताला पानी द्याया रातचं कुनी जाईना. तुमी पुस्तक वाचलाव, तुमी सांगा. तुमचंच ऐकतील.

आयुष्यातलं पहिलं जाहीर व्याख्यान. त्याच दिवशी टेम्पो घेऊन जायचं आणि येताना शांतम्मा-करिश्माला सामानासकट आणायचं. एकाच फेरीत दोन्ही कामं. टेम्पो ठरवला. शांतम्माला कळवलं, शनिवारी तयार राहा. ह्या वेळी नक्की.

मागची खोली आवरली. करिश्माची वह्या ठेवायची फळी रिकामी केली. तिथे हिप्पो होता.

२६ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९

काल जे झालं ते सविस्तर लिहून ठेवतो. पुढे आत्मचरित्राला लागेल.

मारुतीच्या देवळापुढे मंडप. श्रोते अडीचशे. स्टेजवर मी एक दगडी पाटा आणि एक पापड मागवून घेतला. पापड मुठीत दाबला, तुकडे झाले, म्हणालो हा जपान. मग पाट्यावर बुक्की मारली. हात दुखला, पण दाखवलं नाही. म्हणालो हा मराठवाडा. अखंड काळा दगड. टाळ्या. नकाशा सगळ्यांत फिरवला. ठिपका शोधून दाखवा म्हटलं. कोणाला सापडला नाही.

सिद्धरामआप्पा म्हणून एक म्हातारे आहेत, ते उठले. मंग सर, आवाज कशाचा येऊलालाय? मी म्हणालो, पाणी मुरतं, खालच्या पोकळीतली हवा दाबली जाते, तिचा. हे खंडात नाही, पण असणार. आप्पा मान हलवत खाली बसले. म्हणाले, मला न्हाई उमगलं, मी आपला भाईरच बरा.

मग व्यंकटी उभा राहिला. त्याला बोलायची सवय नाही, घाम फुटला होता. म्हणाला, दाजीनं जगाचं पुस्तक वाचलंय. आपून गुरगुरलं की पळायलोत. आजपासनं मी घरात झोपनार, आन् तुमीबी झोपा. त्याने मला नारळ आणि टॉवेल दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला आवडलं नाही, पण आलं.

नंतर मंडळी मला घरापर्यंत पोचवायला आली. दारात टेम्पो उभा. शांतम्माने ट्रंक, गाद्या, पाण्याचा हंडा, सगळं चढवून ठेवलेलं. करिश्मा पाटी मांडीवर घेऊन ट्रंकेवर बसली होती. सगळी मंडळी आधी टेम्पोकडे बघू लागली, मग माझ्याकडे. सिद्धरामआप्पा म्हणाले, सर, घरच्यायला नेऊ रहायलाव का?

काय करणार होतो? आत्ताच स्टेजवरून सांगितलं की घरात झोपा, काही होत नाही, आणि लगेच स्वतःची बायकापोरं टेम्पोत घालून नेली, तर त्या व्याख्यानाचं काय राहिलं? व्यंकटीचं काय राहिलं? मी हसून म्हणालो, छे छे, हे सामान तर मी इकडे आणलंय. मग ट्रंक मी स्वतः उतरवली. शांतम्मा ओट्यावर उभी राहून बघत होती. करिश्मा सगळ्यांत शेवटी उतरली. तिला म्हटलं, दसऱ्याला नक्की. शांतम्माला हळूच सांगितलं, आजपासून सगळ्यांनी आत झोपायचं, माझ्या शब्दाचा प्रश्न आहे. ती बरं म्हणाली. सासूबाई पंचफुलाबाई सुपात काहीतरी निवडत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

टेम्पो रिकामा आला. व्याख्यान मात्र अपेक्षेपेक्षा यशस्वी.

२८ सप्टेंबर, मंगळवार

टेम्पोवाला दारात येऊन करिश्माची पाटी देऊन गेला. ती टेम्पोतच राहिली होती. पाटीवर तिने चित्र काढलंय. दोन खोल्यांचं घर, दारात तीन माणसं. शेजारी एक उंट. जिराफ असावा.

दसऱ्याऐवजी शुक्रवारीच जावं असा विचार करतोय. पाटीशिवाय तिचा अभ्यास बुडेल, हे कारण सांगता येईल. गावालाही ते पटेल. हो, शुक्रवारी. १ तारीख.

२९ सप्टेंबर, बुधवार. अनंत चतुर्दशी

नांदेडहून एस.टी. पार्सलने जपानच्या पाचशे प्रती आल्या. दोन खोकी. नजीरभाईंची चिठ्ठी: सर, लाईन रखा, आप बोले वैसा.

एक प्रत व्यंकटीसाठी बाजूला ठेवली. त्यावर सही केली. माझ्या पहिल्या वाचकास. खरं म्हणजे एकमेव, पण तसं लिहिलं नाही.

गल्लीत विसर्जनाचे ताशे चाललेत. शुक्रवारचा टेम्पो पक्का केला. उद्या चारला उठून कांगारू सुरू.

३० सप्टेंबर, गुरुवार

चारला चार मिनिटं कमी असताना जाग आली. गजर लावलेला नव्हता. जूनपासून पहिल्यांदाच.

पलंग भिंतीपासून सुटून खोलीच्या मध्ये आला होता. फळीवरची भांडी एकेक करून खाली पडत होती. मी उठून ती झेलायला लागलो. का, ते माहीत नाही.

सकाळी ७. सगळी गल्ली रस्त्यावर. पोरं ट्रंका घेऊन बसस्टँडकडे पळतायत. गुरुपादप्पा सर बनियनवर उभे आहेत, फिजिक्सची पोरं त्यांना विचारतायत आणि ते म्हणतायत मला माहीत नाही. कोणीतरी म्हणालं औशाच्या पुढे, निलंग्याच्या बाजूला, काही गावंच राहिली नाहीत. मी त्याला सांगितलं, असं होत नाही. तो माझ्याकडे बघून निघून गेला.

टेम्पोवाल्याकडे जातोय. पाटी घेतली आहे.

२ ऑक्टोबर, शनिवार. लिंबाळवाडी

पाऊस.

शांतम्मा आहे. करिश्मा आहे. सासूबाई आहेत. व्यंकटी नाही.

५ ऑक्टोबर, मंगळवार. लातूर

त्यांना घेऊन आलो. सासूबाई आल्या नाहीत. त्या शेतात ताडपत्रीखाली बसल्यात, म्हणाल्या राख अजून गरम हाय.

गावात भिंती तीन फूटच होत्या. दगडीच होत्या. आतला माणूस काढायला सिद्धरामआप्पा आणि लष्कराची चार पोरं लागली. आप्पा बाहेर झोपले होते. मी पोचलो तेव्हा ते हातानेच माती ओढत होते. मला बघून त्यांनी फक्त थोडं सरकून जागा केली. मी त्यांच्या शेजारी बसून माती ओढली.

शांतम्माला आज विचारलं, तुम्ही आत का नव्हता? मी सांगितलं होतं.

ती म्हणाली, तुमचा टेम्पो वेशीबाहेर गेला आणि आई म्हणाली, आता वाकळा भाईर घे. रोज तेच केलं. व्यंकटीला लई म्हनलं. हात धरून वढला. त्यो म्हनला, आक्का, तू भाईर, म्हातारी भाईर, आन् मीबी भाईर, मंग दाजीचा शब्द कुनी ठिवायचा? घरातलं एक तरी मानूस आत दिसाया पायजे लोकायला.

एवढं सांगून ती तांदूळ निवडायला लागली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबर, शनिवार

नजीरभाई नांदेडहून आले. मदतीच्या ट्रकबरोबर, कपडे आणि भाकऱ्या घेऊन. खोकी तशीच बांधलेली बघितली. माझ्या खांद्यावर हात ठेवून नुसते बसून राहिले. जाताना म्हणाले, सर, दोनों खोके मैं ले जाऊं? मी हो म्हटलं. मग म्हटलं, एक प्रत राहू द्या. मग म्हटलं, नको, तीही न्या. सही केलेली होती ती.

११ ऑक्टोबर, सोमवार

मागची पानं वाचली. २६ सप्टेंबरला मी श्रोते अडीचशे असं लिहिलंय. ते खोटं आहे. मी फुगवून लिहिलं होतं. साठ असतील. सत्तर धरा.

आज दुपारभर बसून मंडपातले चेहरे आठवायचा प्रयत्न केला. पुढच्या रांगेत कोण, खांबाला टेकून कोण, नकाशावर बोट फिरवणारी ती तीन पोरं कोणाची. मोजताना दर वेळी आकडा कमी यावा असं वाटत होतं. चाळीस. तीस. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की माझं कोणीच ऐकलेलं नसावं.

सासुरवाडीच्या गल्लीतून सतरा माणसं काढली. किती माझ्यामुळे आत होती, हे मला कोणी सांगणार नाही. मी विचारणारही नाही. एकाचं माहीत आहे.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

आम्ही तिघं रस्त्यावर झोपतो, घरासमोर. सगळी गल्लीच झोपते. मी पहाटे चारच्या आधीच जागा असतो, रोज.

करिश्माला पाटी परत दिली. तिने चित्र पुसलं नाही. आज तिने विचारलं, पपा, मामाला सांगितलंत का, जिराफ पाणी कसं पितो ते? मामा रोज विचारायचा. गुरं पाण्यावर नेली की म्हणायचा, तुज्या पपाच्या पुस्तकात येनार हाय.

खंड काढला. जिराफाचं पान मी जूनमध्ये वाचलं होतं, त्यावरूनच पुस्तक लिहिलं होतं. लेख पुढच्या पानावरही चालू आहे. ते पान मी उलटलंच नव्हतं. बत्तीस पानं भरायला पहिलं पान पुरलं होतं.

तिथे चार ओळी आहेत, चित्रासकट. जिराफ पुढचे दोन्ही पाय बाजूला फाकवतो, खूप लांब, आणि मग मान खाली घालतो. तेव्हा त्याला पटकन उठता येत नाही. म्हणून तो आधी बराच वेळ उभा राहून आजूबाजूला बघतो, आणि मगच पितो.

करिश्माला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, एवढंच होतं?